नहर मेलेली नाही

२३ फेब्रुवारी २०२५, रविवार

जुनी वही भरली. नवीन सुरू करताना आधी एक यादी लिहून टाकतो, म्हणजे विश्वजीत मोकासे आजोबांच्या नावावर जगला असं उद्या कुणी म्हणायला नको.

माझ्या हातानं केलेल्या वस्तू: सरपटगाडी, चार बेअरिंगांवर चालणारी, जमिनीपासून साडेतीन इंच उंच, हिच्यावर पालथं पडून नहरीत सरकता येतं. विहिरीवर उभी करायची कप्पीची तिपाई. बाभळीच्या पायऱ्यांची दोरशिडी. माथ्यावरचा दिवा, त्याला प्रेशर कुकरचं रबर बसवून पाणीबंद केलेला. पत्र्याची होडी, जिच्यातून पैठणहून नांदेडपर्यंत गोदावरी उतरलो. बंधारे आले तिथं तीच डोक्यावर घेतली. पितळखोऱ्याच्या कड्याला लटकून गिधाडांची घरटी मोजायचा पाळणा. पाळणा अजून मजबूत आहे. मोजायला गिधाडं नाहीत.

इंजिनिअरिंगचं कॉलेज दुसऱ्या वर्षी सोडलं. जे येतं ते बघून, मोडून, पुन्हा जोडून आलं. आयतं मिळालं ते फक्त आडनाव. पिशोरचे डॉ. रामकिसन मोकासे, काळ्या पाषाणातलं पाणी शोधायची पद्धत ज्यांच्या नावानं ओळखली जाते, बाहत्तरच्या दुष्काळात ज्यांनी गावोगावी बोअर पाडून दिले, पुस्तकात ज्यांच्यावर धडा आहे, ते माझे आजोबा. लग्नकार्यात माणसं विचारतात, "तुम्ही त्यांचे नातू? मग तुम्ही काय करता?"

मी सांगतो, जमिनीखाली सरपटतो. पुढचा माणूस हसतो. मी हसत नाही.

२ मार्च

शहागंजात दोर घ्यायला गेलो. दुकानदार म्हणाला, "क्या मोकासे साब, फिर से गटर में उतरने का?" मी म्हटलं, गटर नाही, नहर. तो म्हणाला, "वही च तो." दोर मात्र चांगला दिला. चोख माल देणाऱ्याचं बोलणं मी ऐकून घेतो.

वही च नाही. नहर म्हणजे डोंगराच्या पोटातलं पाणी जमिनीखालून, नुसत्या उतारावर शहरात आणणारा दगडी बोगदा. चारशे वर्षांपूर्वीचं काम. मोटार नाही, वीज नाही. वरती ठिकठिकाणी हवेसाठी विहिरी सोडलेल्या. आज या शहरात नळाला आठवड्यानं पाणी येतं आणि बायका त्या दिवशी रजा टाकतात. आणि नहरीच्या हवेच्या विहिरीत आपण फरशीचे तुकडे टाकतो!

हर्सूलच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला हौद वस्ती आहे. बौद्धांची शंभरेक घरं, मधे विहार, विहारामागं जुना हौद. त्या हौदात बारा महिने पाणी येतं. कुठून, ते कुणी विचारत नाही. वर चढावर नभांगण सिटी नावाची टाउनशिप उठते आहे. तिच्या कुंपणाच्या आत हवेच्या तीन विहिरी आहेत. दोन त्यांनी मलबा टाकून बुजवल्या. तिसरी बुजवली की हौद संपला.

मी पाणी खात्याकडं तक्रार केली, सुनावणी व्हायची आहे. कंपनीनं उत्तर म्हणून एकच कागद लावला: १९७४ सालची पाहणी, "ही शाखा मृत आहे." खाली सही, डॉ. रा. मोकासे.

माझ्याच आजोबांचा दगड माझ्याच डोक्यात!

२४ मार्च

केलं.

रंगपंचमी उलटून जाऊ दिली. पोरांनी रंग टाकला असं म्हणायला जागा नको. पहाटे कुंपणावरून उतरलो. तिसऱ्या विहिरीत लाल दवा सोडली. तीच, जी विहिरी साफ करायला पूर्वी घरोघरी असायची. बादलीत विरघळवून, मोजून, पिण्याच्या पाण्याला चालेल एवढीच. आधी स्वतः पिऊन बघितली. मग वस्तीत येऊन हौदाच्या काठावर कॅमेरा लावून बसलो.

वस्तीत कुणाला सांगितलं नाही. मुद्दाम. आधी सांगितलं असतं तर कंपनी म्हणाली असती, यांनीच पढवून ठेवलं, यांनीच रंग टाकला. पुरावा कसा, हात न लागलेला पाहिजे.

ऊन वर आलं आणि हौदाच्या तोंडातून गुलाबी धार आली. जांभळाच्या सरबतासारखी. मी एकटा होतो. ओरडावंसं वाटलं. वरची विहीर आणि खालचा हौद एकच पाणी पितात, हे पन्नास वर्षांत कुणी सिद्ध केलं नव्हतं, ते मी केलं. आजोबा असते तर त्यांना हाताला धरून तिथं उभं केलं असतं.

व्हिडिओ तीन ठिकाणी साठवून ठेवला.

२५ मार्च

गाढवांनो. गाढवांनो. गाढवांनो.

हौदाला सील! गुलाबी पाणी बघून वस्तीतल्या एका बाईनं हंडा टाकून आरडाओरडा केला, विष कालवलं म्हणून. कुणीतरी फोन केला, पाणी खात्याचे लोक आले, हौदाच्या जाळीला कुलूप घालून गेले. तपासणी होईपर्यंत वापर बंद.

मी धावत गेलो. सांगितलं, मीच टाकली, लाल दवा आहे, घोटभर मी आत्ता पितो. साहेब म्हणाला, "म्हणजे पिण्याच्या पाण्यात तुम्ही मिसळलं? लिहून देता?" मी लिहून दिलं. खरं ते लिहून द्यायला मी घाबरत नाही. त्यानं त्याच कागदावर मला नोटीस काढली.

वस्तीत चाळीस बायका हंडे घेऊन उभ्या. मी त्यांना समजावायला लागलो की यात तुमचाच फायदा आहे, आता हौद जिवंत आहे हे सिद्ध झालं. साळूबाई म्हणून एक आहेत, सत्तरीच्या, विहाराची झाडलोट बघतात, वस्तीत त्यांचा शब्द चालतो. त्या पुढं आल्या.

"आमाला ठावं व्हतं की हौद जिता हाय. रोज पितो आमी त्याचं."

"अहो, पण सिद्ध झालं नव्हतं."

"आता झालं का? मग भरा हंडा."

बाकीच्या बायका हसल्या. मला ते हसणं अजिबात आवडलं नाही.

२६ मार्च

घरी यायला दुपार झाली. स्वयंपाकघरात कचऱ्याच्या डब्यात मिठाईचा मोठा डबा, दोरासुद्धा सोडलेला नाही. बायकोला, सुलेखाला विचारलं. म्हणाली, "शिळी होती." दोरा न सोडता शिळी कसं कळलं? तिला काही सांगायचं नसलं की ती कुकर लावते. कुकर लावला.

शेजारच्या मंजुषाताई जिन्यात म्हणाल्या, सकाळी तुमच्याकडं पांढरी गाडी आली होती, पाहुणे का? सुलेखा म्हणते, पत्ता विचारत होते. लोकांना पत्ते सापडत नाहीत आणि यंत्रं घेऊन डोंगर तेवढे सापडतात.

लेकीचा, श्रेयाचा, पुण्याहून फोन. हॉस्टेलची फी भरायची आहे. सुलेखा म्हणाली, बघते. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, रोज खुलताबादच्या घाटानं जाते-येते. घर तिच्या पगारावर चालतं. हे मी लिहून ठेवतो, कारण मी खोटं लिहीत नाही. याच्यापुढं काही लिहायचं नाही.

२८ मार्च

नभांगणचा मॅनेजर आला. पांढरी गाडी. सुलेखा शाळेत होती. तो सोफ्यावर न बसता माझ्या कामाच्या खोलीत आला, सरपटगाडीवरून हात फिरवला, म्हणाला, "सर, हे तुम्ही स्वतः बनवलंय? ग्रेट." माझ्या वस्तूंना हात लावलेला मला चालत नाही.

मागणी साधी. एका पत्रावर सही. "माझ्या आजोबांनी १९७४ साली काढलेला निष्कर्ष योग्य असून ही शाखा मृत आहे, गुलाबी पाणी हा पाझर होता." बस. बदल्यात हौद वस्तीला कंपनीच्या पाइपलाइनमधून नळ, तेही चौदा एप्रिलच्या आत. टाउनशिपच्या दारात आजोबांचा पुतळा. आणि मला रक्कम.

मी म्हटलं, माझ्या सहीची काय गरज? तुमच्याकडं आजोबांची आहेच.

तो म्हणाला, "सर, त्यांच्या सहीला आता फक्त तुम्हीच खोटं पाडू शकता."

आकडा त्यानं तोंडानं उच्चारला नाही, मोबाइलवर टाइप करून दाखवला. मी तो इथं लिहिणार नाही. लिहिला तर रोज पान उघडून बघत बसेन. एवढं माझं मला कळतं.

त्याला हाकललं नाही. विचार करतो म्हणालो. हेही लिहून ठेवतो. त्या आकड्यात श्रेयाचं शिक्षण होतं, सुलेखाचा घाट सुटत होता, आणि वस्तीला नळ. तिघांचं भलं आणि मेलेल्या एका माणसाचा मान. नुकसान कुणाचं? एका बोगद्याचं. बोगदा बोलत नाही.

दिवसभर स्वतःचाच राग येत राहिला.

३० मार्च, पाडवा

इंद्रजीतदादा आला, वहिनींनी दिलेलं श्रीखंड घेऊन. दादा आजोबांच्या नावाचा ट्रस्ट चालवतो. वीस एप्रिलला जयंती, त्याच दिवशी पुतळ्याचं अनावरण, पत्रिका छापायला गेल्या सुद्धा. माझी सही व्हायच्या आधी!

"विशू, तू आजोबांना खोटं पाडणार? भर सुनावणीत?"

"मी नहर खरी ठरवणार."

"एकच झालं. अरे, त्यांनी लाखो लोकांना पाणी पाजलं. तू काय पाजलंस? गुलाबी सरबत?"

मी श्रीखंडाची वाटी सरकवली. दादा म्हणाला, "आयुष्यभर त्यांच्यावर राग धरलास. त्यांनी तुला कॉलेज सोडल्यावर एक शब्द विचारला नाही म्हणून."

हे साफ खोटं आहे. माझा राग शास्त्रीय आहे. त्यांनी खोल बोअर पाडले, वरचं पाणी खाली गेलं, नहरी सुकल्या. याचा माझ्याशी काय संबंध?

मी चोवीस वर्षांचा असताना पहिला दिवा बनवून त्यांना दाखवला होता. ते पेपर वाचत होते. "ठेव तिथं," म्हणाले. दिवा त्यांच्या टेबलावर वर्षभर तसाच पडून होता. असो. विषय नहरीचा आहे.

३ एप्रिल

हौद वस्तीत गेलो. टँकर दिवसाआड येतो, तो रस्त्यावर थांबतो. चौदा एप्रिलला जयंती; त्या दिवशी वस्तीत पाहुणे, जेवणावळ, मिरवणूक. पाणी कुठून आणायचं? विहारात बायका बसल्या होत्या. मी मॅनेजरची नळाची गोष्ट त्यांच्यापुढं ठेवली. यावेळी न सांगता काही करायचं नाही, एवढं ठरवून गेलो होतो. रकमेचं बोललो नाही.

साळूबाईंनी विचारलं, "नळाला पानी रोज यील का?"

"तसं लिहून देत नाहीत."

"मग शहरासारखं आठ दिसांनी यील. आन हौद बुजवतेत ना?"

"बुजेल."

साळूबाईंनी पदर खोचून घेतला. मग म्हणाल्या, "तुमचा आजा हितंच आलता, बोअर पाडायला. मी नवी नवरी व्हते. माझी सासू म्हनली, सायब, नहर चालू हाय, रातच्याला कान लावला की आवाज येतो. त्येंनी वहीतून मान बी वर केली नाय. लिवलं, मेली. आन तुमी त्येच नहरीत रंग वतला, तवा तरी कुनाला इचारलं?"

"मी सिद्ध करत होतो."

"व्हय. आजा बी सिद्धच करत व्हता."

मला इतका संताप आला की उठून बाहेर आलो. माझी आणि त्यांची तुलना! मी उभ्या आयुष्यात त्यांच्यासारखं एक काम केलं नाही. चप्पल उलटी घातली होती, हे मोटारसायकलला किक मारताना कळलं.

परत आत गेलो. म्हटलं, "मग तुम्हीच सांगा, कसं करू?"

मग मागून एकीनं म्हटलं, लाह्या सोडा. ज्वारीच्या. तरंगतात, दिसतात, कुणी प्यायलं तरी काय होत नाय. साळूबाई म्हणाल्या, "आन सोडायच्या आमी. साहेबाम्होरं. तुमी नाय."

पुरावा मी सोडून दुसऱ्याच्या हातात! रस्ताभर त्यात चूक शोधली. सापडली नाही.

८ एप्रिल

पाणी खात्याचा साहेब तयार झाला. परवा सकाळी पाहणी. कंपनीही येणार. दादाही येणार म्हणे, ट्रस्टतर्फे. वस्तीत घरोघरी कढयांत ज्वारी फुटते आहे, मोटारसायकलवरूनसुद्धा वास आला. मॅनेजरचा मेसेज: "सर, ऑफर आजपर्यंतच." उत्तर दिलं नाही. तेही उत्तरच.

१० एप्रिल

जसं झालं तसं लिहितो.

तिसऱ्या विहिरीवर साहेब, मॅनेजर, दादा, मी आणि वस्तीतल्या सात-आठ बाया. बाकी वस्ती खाली हौदावर, साहेबाचा एक माणूस त्यांच्यात. साळूबाईंनी पदरातल्या लाह्या विहिरीत ओतल्या. मग दुसरीनं, तिसरीनं. पाण्यावर पांढरं जाजम अंथरल्यासारखं झालं आणि बोगद्याच्या तोंडात शिरलं.

वाट बघितली. खालून फोन: काही नाही. पुन्हा फोन: काही नाही. मॅनेजर घड्याळाकडं बघून म्हणाला, "पाझर असतो सर, पाझरातून रंग जातो, लाह्या कशा जाणार?" दादानं माझ्याकडं बघितलं. त्याच्या तोंडावर आनंद नव्हता, हे खरं.

मॅनेजरचं बोलणं अर्धं बरोबर होतं, आणि तेवढ्यावरूनच माझ्या डोक्यात उजेड पडला. रंग फटीतून गेला होता. म्हणजे मधे कुठंतरी अडलेलं आहे. म्हणजे ही विहीर आणि हौद यांच्या मधल्या, बुजवलेल्या विहिरीतला मलबा.

तिपाई लावली, सरपटगाडी सोडली, उतरलो. साहेब "जबाबदारी कुणाची" म्हणत होता, साळूबाई म्हणाल्या, "त्येंची हाय, त्येंनाच सोसू द्या."

आत पाणी छातीखाली, गार. छत डोक्याला लागतं. पुढं सरकत गेलो तसा लाह्यांचा ढीग दिसला, भिजून फुगलेला, आणि त्यामागं फरशीचे तुकडे, विटा, सिमेंटची घट्ट झालेली गोणी. गोणीवर कंपनीचा शिक्का. तोंडानं एवढ्या शिव्या दिल्या की बोगदा भरून गेला. हातानं एकेक तुकडा ओढून मागं टाकला. गोणी हलेना. दोर बांधला, पाय दगडात रोवले आणि ओढली.

ती सुटली तसा मागून तुंबलेल्या पाण्याचा लोट आला. गाडी उलटली. मी भिंतीला चिकटलो आणि लाह्या माझ्या गालावरून, कानावरून, दिव्यावरून वाहत गेल्या. शेकडो. अंधारात पांढऱ्या. मी त्यांच्याकडं बघत राहिलो.

खाली हौदात त्या कशा आल्या, ते मी बघितलंच नाही. बोगद्यातून फक्त आवाज ऐकला, लांबून, बायकापोरांचा. कान दगडाला लावला तर आवाज येतो. साळूबाईंची सासू खरं बोलत होती.

वर आलो तेव्हा सगळे खाली हौदावर जमले होते. जाळीतून हौद पांढरा दिसत होता. कप्पीनं वर काढून ओढत आणलेली ती गोणी दोरासकट मी साहेबाच्या पायाशी टाकली. शिक्का वर करून.

साहेब म्हणाला, "पण डॉक्टरसाहेबांच्या पाहणीचं काय? त्यात तर मृत लिहिलंय."

दादा माझ्याकडं बघत होता. मला वाटलं होतं, हे वाक्य बोलताना मजा येईल. तीस वर्षं मनात घोकलं होतं. माथ्यावरचा दिवा काढला, काच पुसली.

"डॉक्टर चुकले," मी म्हणालो. "लिहून घ्या. नातू सांगतो म्हणून लिहा."

साळूबाई म्हणाल्या, "नातू बी चुकला म्हना. निदान तळाला जाऊन आला."

सगळे हसले. साहेबसुद्धा. मी हसलो का, आठवत नाही. सुलेखा हौदाच्या पलीकडं उभी होती, शाळा सोडून आलेली, तिनं नंतर सांगितलं की हसलो.

१४ एप्रिल

कुलूप काल निघालं. पाण्याचा अहवाल चांगला आला. तिन्ही विहिरी मोकळ्या करायचा आणि त्या पट्ट्यातलं काम थांबवायचा हुकूम. माझी नोटीस कायम आहे, दंड भरीन.

वस्तीत जेवायला बोलावलं होतं. निळे झेंडे, हौदावर दिव्यांची माळ. मी माळ बघितली, जोडणी चुकीची होती, उतरवून परत केली. साळूबाई म्हणाल्या, "बसा की आता गप." बसलो. सुलेखानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

२० एप्रिल

आजोबांची जयंती. पुतळा नाही. कंपनीनं हात काढून घेतला, दादाचे सगळे पत्रिकांचे पैसे गेले. तो माझ्याशी बोलत नाही. वहिनींनी फोन केला: दादाला आजोबांच्या टेबलाच्या खणात एक जुना दिवा सापडला, कुकरचं रबर लावलेला, मऊ फडक्यात गुंडाळलेला, तुमचा आहे का? मी म्हटलं, टाकून द्या. मग परत फोन करून म्हटलं, राहू द्या, मी येऊन घेऊन जातो. रबर तपासायला पाहिजे, एवढ्या वर्षांत कडक झालं असेल.

संध्याकाळी वही उघडली. सुलेखा शेजारी वह्या तपासत होती. तिला म्हटलं, आता तो आकडा लिहून टाकतो, आता भीती नाही.

मान वर न करता ती म्हणाली, "लिहा की. पंच्याऐंशी लाख."

मी तिला तो कधीच सांगितला नव्हता. तिचा अंदाज पहिल्यापासूनच पक्का. मेथीची जुडी हातात घेऊन वजन सांगते.

तर नोंद राहावी म्हणून. न स्वीकारलेला प्रस्ताव: नहर मेली आहे, या एका ओळीखाली मोकासे आडनावाची सही. रक्कम, पंच्याऐंशी लाख रुपये.